घागऱ्यावरचा थेंब

ख्वेनला कोणी गुरूचं नाव विचारलं, तर हनोईच्या कलाशाळेतल्या एकाही मास्तराचं नाव तिच्या तोंडून निघत नसे. “वर डोंगरात एक बाई आहे,” एवढंच म्हणायची आणि घाईघाईने चहा ओतायला लागायची. घाईला कारण होतं. गुरूचे उपकार तिने मानले होते, पण गुरूपासून एक गोष्ट बावीस वर्षं लपवलीही होती.

ती जन्मली रोगणवाल्यांच्या घरात. झाडाच्या चिकाचं काळं रोगण फळीवर थरावर थर चढवायचं, थरांच्या मध्ये चांदीचा वर्ख नि अंड्याची टरफलं दडवायची, मग पाणी घालून घासत घासत आतलं चित्र वर आणायचं, हा घरचा धंदा. चौतिशीपर्यंत ख्वेनने कमळं आणि बदकं काढली. गिऱ्हाईक खूश होतं. तिला मात्र बदकांचा वीट आला होता. चुलतभाऊ तेल-मीठ घेऊन दोंग वानच्या पठारावरच्या बाजाराला निघाला, तेव्हा ही त्याच्या गाडीत चढून बसली.

तिथे उंबऱ्यात बसलेली सुआ तिला भेटली. ह्मोंग या डोंगरी जमातीची बाई, ख्वेनपेक्षा चार वर्षांनी मोठी, तोंडाने फटकळ, हाताने सोनं. भांगेच्या वाखाचं पांढरं कापड गुडघ्यावर पसरून ती तांब्याच्या पात्याने गरम मेणाच्या रेघा ओढत होती. खाली आखणी नाही, की समोर नमुना नाही. मग कापड निळीत बुडवायचं आणि उकळून मेण काढायचं. जे झाकलं तेच पांढरं होऊन उजळायचं. दोन दिवसांसाठी आलेली ख्वेन अकरा दिवस राहिली. दडवायचं आणि मग उघडं करायचं, हेच तर तीही करत होती, पण भीत भीत, आधी सगळं आखून. घरी परतली आणि तिने आखणीचा कागद चुलीत घातला. बदकं संपली ती कायमची.

पुढे दर वर्षी भाताची कापणी उरकली की ती वर जायची. खडकांच्या फटीत रुजवलेला मका, दगडी कुंपणं, बायकांचं चालता चालता वाख वळणं, सगळं डोळ्यांत भरून खाली आणायची आणि वर्षभर त्यावर जगायची.

पण तिचं नाव झालं ते पहिल्याच चित्राने. पहिल्या फेरीत सुआचा एक घागरा दोरीवर वाळत होता. त्याची किनार ख्वेनने गुपचूप वहीत उतरवली आणि घरी चांदीच्या वर्खात केली. त्या किनारीची नक्षी सुआला आईकडून आलेली, आईने फक्त लेकीलाच द्यायची. प्रदर्शनात लोक चित्रासमोरून हलेनात. किनारीच्या वळणाबाहेर एक पांढरा ठिपका होता, त्याच्यावर तर लेख आले. चित्राला मागणीही आली, पण चोरीचा माल विकायची ख्वेनला हिंमत झाली नाही. सुआला कळलं तर तो उंबरा आपल्याला बंद होईल, या धास्तीने ती दर वर्षी घोंगडी न्यायची, दोरे न्यायची आणि तोंड मिटून परत यायची.

छप्पन्नाव्या वर्षी मात्र तिला ते सोसेना. तिने चित्र घोंगडीत गुंडाळलं, पाठीला बांधलं आणि चढ चढून गेली.

“आलीस? आणि पाठीवर कुणाचं दार उपटून आणलंस?” सुआने उंबऱ्यातूनच विचारलं.

“ताई, आधी ऐकून घे. मग हवं तर हाकलून दे.”

“हाकलायला आत तर ये. मक्याचा भरडा निवतोय.”

ख्वेनने घासाला हात लावला नाही. एका दमात सगळं सांगून टाकलं. सुआने हात पुसले, फळी घेतली आणि आधी उलटी करून पाहिली. भरतकाम ती नेहमी मागूनच पारखायची.

“मागे काहीच नाही?”

“नाही.”

“म्हणजे अर्धंच काम केलंस की गं!”

मग तिने फळी सुलट केली. तिचं निळं पडलेलं बोट किनारीवरून फिरत गेलं आणि त्या ठिपक्यापाशी थांबलं.

ख्वेन चाचरत म्हणाली, “लोक म्हणतात, तो डोंगरावर एकटा उभा राहिलेला माणूस. मलाही तसंच वाटायचं. खरा अर्थ काय, ताई?”

“अर्थ?” सुआ खो खो हसली. “अगं येडे, मेण सांडलंय ते! चिया पाठीवरच्या झोळीत होती. कार्टीने कोपराला लाथ मारली. सासू आठ दिवस टोमणे मारत होती मला.”

हसणं ओसरलं, तरी तिचं बोट त्या ठिपक्यावरच राहिलं. तिची लेक चिया सतराव्या वर्षी तापाने गेली, त्याला सहा वर्षं झाली होती.

“तोच घागरा घालून पाठवली तिला,” सुआ म्हणाली. “वाखाचं कापड अंगावर नसलं तर तिकडे वाडवडील ओळखत नाहीत. मागे काही उरलं नाही बघ. मग मी प्रत्येक घागऱ्यावर तिथंच मेण सांडून बघते. पण मुद्दाम सांडलं की तसा पडत नाही तो थेंब.”

ख्वेनला रडू आवरेना. “ताई, मी चोरला गं...”

“चोरलास म्हणून राहिला.”

सुआने उठून फळी चुलीमागच्या भिंतीला टेकवली. ख्वेनने डोळे पुसले, पण रोगणवाल्याच्या लेकीला राहवेना.

“तिथे नको, ताई. धुराने काळं पडेल ते.”

“पडू दे,” सुआने भरड्याचं ताट तिच्यापुढे सरकवलं. “दर वर्षी येऊन घासून देत जा. तुझं कामच आहे ते.”