ह्यांनी केलेलं एकमेव वाकडं काम

आमच्या ह्यांच्यासारखा गवंडी शोधून सापडायचा नाही. बायको म्हणून नाही सांगत; बायको म्हणून सांगायला लागले तर वेगळंच सांगेन! कुणाच्याही घरी गेले की आधी एक डोळा मिटून दाराची चौकट तपासणार. एका वाकड्या विटेवरून सख्ख्या भावाशी वर्षभर अबोला धरला होता. भिंत सरळ आहे का ते बघायच्या दोरीवरून लोकांनी नावच पाडलंय, ओळंबा.

गेल्या वर्षी चर्चच्या घंटाघराची डागडुजी ह्यांच्याकडे आली. तिथली घंटा वाजवतो माझा थोरला भाऊ. चाळीस वर्षं तेच काम आणि राहायला घंटेखालचीच खोली: एक खाट, एक स्टूल, वरून लोंबणारा दोर. घंटेने त्याचे कान पार खाल्ले. पण फादरनी वेदीवर दोन्ही हात वर केले की त्याच क्षणी दादाची घंटा व्हायची. हे कसं जमवतोस, असं आम्ही कधी विचारलं नाही. आणि ऐकू येत नाही हे आपणहून कबूल करील तर तो माझा भाऊ कसला!

खोली आणि चर्च यांच्यामध्ये दोन हात जाड भिंत. तिच्यात वीतभर रुंदीचं एक भोक होतं, आरपार, पण तिरकं गेलेलं. ह्यांनी ते पाहिलं मात्र, कपाळाला आठ्या. "कुण्या अडाण्याचं काम हे?" दादा तेव्हा चार दिवस आमच्याकडे राहायला आलेला, त्याला विचारायचं तरी! पण नाही. ह्यांनी भोक सरळ केलं, कडा घोटल्या आणि घरी येऊन मला फुशारकीनं सांगितलं. मीही कौतुक केलं.

पुढच्या रविवारी घंटा उशिरा वाजली. त्यानंतरच्या रविवारी भलत्याच वेळी. लोक माना वळवून बघायला लागले. कमिटीने ठरवलं, म्हातारा थकला, विजेवरची घंटा बसवू. महिनाअखेर खोलीची किल्ली परत करा. दादा "बरं" म्हणाला.

मी तणतणत त्याच्याकडे गेले. बघते तर हातात दोर आणि डोळा त्या भोकाला. त्याला बाजूला सारून मी डोळा लावला. समोर नुसता दगडी खांब.

"आधी काय दिसायचं इथून?" मी त्याच्या कानाशी ओरडले.

"वेदी. फादरचे हात."

"मग बोलला का नाहीस रे?"

"भावोजींच्या कामाला नावं कशी ठेवू?"

घरी येऊन मी तोंडाचा पट्टा सोडला. "तुमच्या त्या सरळपणानं माझ्या भावाच्या पोटावर पाय दिलात!" ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि तडक उठले. दादाच्या खोलीत जाऊन भोकाला डोळा लावला. मग फादरना जाऊन भोकाचं सगळं सांगितलं आणि म्हणाले, "चूक माझी आहे, त्यांची नाही."

फादर चकित झाले. "अहो, जुन्या चर्चमध्ये असं तिरकं भोक मुद्दाम ठेवत. हॅजिओस्कोप म्हणतात त्याला, पवित्र ते पाहायची जागा. आडोशाला असलेल्या माणसाला वेदी दिसावी, घंटा वेळेवर व्हावी म्हणून. मी पुस्तकात वाचलं होतं. आपल्याकडे आहे हे माहीतच नव्हतं."

"होतं, मी सरळ करेपर्यंत," हे म्हणाले. "मला एक रविवार द्या."

ह्यांनी भोक फोडून चांगलं मोठं केलं. दादाला स्टुलावर बसवलं, सुतळीचं एक टोक त्याच्या डोळ्याशी धरलं, दुसरं फादरनी वेदीपाशी. सुतळी खांबाला चुकवून तिरकी ताणली गेली, आणि तिच्या कडेनं ह्यांनी एकेक दगड बसवला. ओळंबा पिशवीतून बाहेर काढलाच नाही. मी उगाच चिडवलं, "हात थरथरतोय का हो?" म्हणाले, "गप्प बस, वाकडं करणं सोपं नसतं."

रविवारी फादरचे हात वर गेले आणि त्याच क्षणी घंटा झाली. मला रडूच कोसळलं. किल्ली दादाकडेच राहिली, विजेच्या घंटेचं कमिटीत पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

परवा कुणी तरुण इंजिनिअर चर्च बघायला आला होता. भोकापाशी थांबून हसला. "एवढ्या सुरेख भिंतीत हे वाकडं काम कुणी केलंय?"

आमचे हे पुढे झाले.

"मी," म्हणाले. "आणि कुणी सरळ करायला आलं, तर गाठ माझ्याशी आहे."