एका ताऱ्याची तीट

बायकोचा बारा वर्षांचा धंदा एकतीस बायकांच्या मदतीने तीन तासांत बुडवता येतो, हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे.

धंदा कडक भाकरीचा. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरात वंदना, म्हणजे माझी बायको, ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकते. पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या, मोडल्या की शेजारच्या घरात कळणाऱ्या. सोबत शेंगाचटणी. पुढच्या खोलीला रस्त्याकडून दार काढलं, ते दुकान झालं. उरलेलं घर आपोआप गोदाम झालं. पलंगावर भाकऱ्या, टेबलावर भाकऱ्या, माझ्या इस्त्रीच्या शर्टांवर भाकऱ्या. (एकदा मी दमून सोफ्यावर टेकलो आणि खालून अकरा भाकऱ्या एकदम वाजल्या. तेव्हापासून मी स्वतःच्या घरात आधी हात फिरवतो, मग बसतो.) एवढं असून या घरात मऊ भाकरी खाणारा मी एकटा. माझ्या दाढा बघून डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, "यापुढे कडक फक्त चहा."

वंदनाला एकच गोष्ट हवी होती. शेजारचा गाळा बरेच दिवस बंद पडून होता. तो भाड्याने घ्यायचा, शेगड्या तिकडे न्यायच्या, हाताखाली दोन बायका घ्यायच्या आणि घरातला पलंग झोपण्यासाठी मोकळा करायचा. पण त्यासाठी बारमाही ऑर्डर पाहिजे होती, आणि ती डिसेंबरात आपल्या पायांनी चालत दुकानात आली. पुण्यात गावोगावचे पदार्थ विकणारं दुकान चालवणाऱ्या एक बाई लग्नासाठी सोलापूरला आल्या होत्या. त्यांनी उभ्या उभ्या दीड भाकरी खाल्ली.

"माल उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण ऑनलाइन रिव्ह्यू वाचल्याशिवाय मी नवीन कुणाचा माल ठेवत नाही. तुमचे सातच दिसतात. जानेवारी संपता संपता पुन्हा बघते, तेव्हा ठरवू."

सात होते हे खरं. त्यातला एक आमच्या मुलीचा, एक मेहुण्याचा आणि एक माझा. मी तो 'एक समाधानी ग्राहक' या नावाने, सूर्यफुलाचा फोटो लावून टाकला होता. "सदर भाकरी अत्यंत उत्कृष्ट, दर्जेदार व खुसखुशीत असून ग्राहकांनी तिचा अवश्य लाभ घ्यावा." पाच तारे. मी शाळेत हेडक्लार्क होतो, त्यामुळे मला असंच लिहिता येतं. (लग्न ठरल्यावर मी पाठवलेल्या पहिल्या पत्राला 'विषय' आणि 'संदर्भ' होता, असं वंदना अजून चारचौघांत सांगते.)

"तू भाकरी भाज," मी म्हणालो. "रिव्ह्यूचं माझ्यावर सोड."

"सोडू?" वंदना म्हणाली. तीस वर्षांच्या संसाराचा अनुभव त्या एका शब्दात होता. पण तिचे दोन्ही हात पिठात होते, त्यामुळे तिने सोडलं.

माझी योजना साधी होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे तीसेक बायका येतात. सगळ्या वंदनाच्या जुन्या गिऱ्हाईक. या वेळी वाण म्हणून भाकरीचं पाकीट द्यायचं आणि वाणाच्या ताटाशेजारी एक पाटी ठेवायची. पाटीवर तो चौकोनी ठिपक्यांचा कोड आणि खाली माझ्या अक्षरात सूचना: 'कोड स्कॅन करावा. तारे द्यावेत. अभिप्राय नोंदवावा. तदनंतर वाण घ्यावे.' पुण्याच्या बाईंनी सात म्हणून नाक मुरडलं ना, मग एका दमात चाळीसचा आकडा दाखवू, असा माझा हिशेब.

फक्त एक अडचण होती. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषाने थांबायचं नसतं. चार वाजता मला गच्चीवर पाठवण्यात आलं, आणि पाटीशेजारी बसून देखरेख करायचं काम आत्याकडे गेलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम माढा. आतोबांना ज्वारीवरची पाखरं हाकायला मळ्यात बसवून ती संक्रांतीला आमच्याकडे आली होती. तिला फोनमधलं काही कळत नाही, पण ज्यातलं कळत नाही त्यातही तिचा शब्द शेवटचा असतो.

"हे तारं कशाला द्यायचं रं सुऱ्या?" तिने विचारलं.

"आत्या, ज्याला जेवढं आवडलं तेवढे तारे. पाच म्हणजे सगळ्यात भारी. आणि खाली भाकरीबद्दल चांगलं लिहायचं, सगळ्या जगाला दिसेल असं."

"सगळ्या जगाला?" आत्याने पदर सावरला. "बरं. जा तू वर."

मी वर गेलो. माझा चष्मा पाटीशेजारीच राहिला हे जिना चढल्यावर लक्षात आलं, पण आता खाली जाण्याची सोय नव्हती. हरकत नाही म्हटलं. दुकानाचं पान माझ्याच फोनवर होतं, त्यामुळे नवा रिव्ह्यू आला की फोन 'टिंग' करायचा. पहिली टिंग सव्वाचारला झाली. मग दुसरी, तिसरी. पाच वाजेपर्यंत फोन देवघरातल्या घंटीसारखा वाजायला लागला. वाचता काही येत नव्हतं, पण मोजता येत होतं. शेवटच्या टिंगेला मी एकतीस आकडा मोजला आणि गच्चीवरच्या वाळत टाकलेल्या चादरींसमोर अक्षरशः हात जोडले. मनात दुकानाच्या नावाचं पुढच्या वर्षीचं कॅलेंडरसुद्धा छापून घेतलं.

सात वाजता खाली आलो. चष्मा लावला. फोन उघडला. दुकानाचं नाव, त्याखाली सरासरी: एक पूर्णांक सात.

मला वाटलं, चष्मा आत्याचा असेल. नव्हता.

पहिला रिव्ह्यू आमच्या मागच्या गल्लीतल्या काकूंचा. "वंदनाच्या हाताला लई चव हाय. भाकरी तोंडात टाकली की माहेरची आठवण येती. पण कडक हाय." एक तारा.

दुसरा महादेवीअक्कांचा. त्या मूळच्या अक्कलकोटकडच्या, बोलण्यात निम्मं कन्नड, आणि चांगल्याला 'छलो' म्हणणाऱ्या. "भाकरी छलो. चटणी छलो. वंदनाताई बोलतात लई." एक तारा.

"आमच्या सासूबाईंची कवळी मोडली. आणखी दोन डझन पाठवा." एक तारा.

"दुकानाची पायरी उंच आहे." एक तारा.

"चटणीत खडा लागला." एक तारा.

"सगळं छान. भाऊजी मात्र नुसते खुर्चीवर बसून असतात." एक तारा. (भाकरीच्या दुकानात खुर्चीला रिव्ह्यू मिळालेला मी पहिलाच असेन.)

"आत्या, हे काय केलंस?" मी फोन तिच्यापुढे नाचवला.

"काय केलं म्हंजे? तीट लावली," आत्या शांतपणे तिळगूळ चघळत म्हणाली. "सगळ्या जगाला दिसंल म्हणालास की तू. पाचाला पाच देऊन उघड्यावर ठिवायचं व्हय लेकराला? दृष्ट न्हाय लागायची? मी सांगितलं समद्या बायकांला, चार शब्द चांगलं लिवा आन एक वंगाळ लिवा."

"अगं, पण तारा एकच का?"

"मग? तीट काय पाच ठिकाणी लावत्यात तोंडाला?"

आत्याकडे पुरावाही होता, आणि तो मीच होतो. "धावीला ह्याला पैला नंबर आला, तवा ह्याच्या बापानं गावभर पेढं वाटलं. म्या म्हटलं न्हवतं, नगं म्हणून? पुढल्या साली अकरावीत नापास!" हा पुरावा ती गेली चाळीस वर्षं लग्नकार्यात, बारशात आणि एकदा एका तेराव्यालाही सादर करत आली आहे.

वंदना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकत होती. तिने फोन घेतला, सगळं खालपर्यंत वाचलं आणि परत दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उरलेली पाकिटं डब्यात रचत म्हणाली, "त्या गाळ्याला मी मनात रंगसुद्धा दिला होता." एवढंच. मला फार वाईट वाटलं. तिने आजवर माझ्याकडे एकच काम सोपवलं होतं आणि मी करायला गेलो गणपती नि झाला मारुती.

दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर फिरायला लागलो. काढून टाका, निदान चार तारे करा, अशी विनंती करत.

"तीट पुसायची?" कवळीवाल्या काकूंनी गालाला हात लावला. "भाऊजी, लावलेली तीट पुसली की हमखास दृष्ट लागते. माझ्या हातून नाही व्हायचं."

महादेवीअक्कांनी चहा दिला, शेजारी कुठल्या तरी लग्नाला आलेल्या त्यांच्या भावजयीला बोलावलं आणि भाकरीचं भरभरून कौतुक केलं. भावजय विचारी निघाली. मी गेटपर्यंत पोचतो न पोचतो तोच खिशात टिंग झालं. बत्तिसावा. एक तारा.

मग मी हेडक्लार्कला शोभेल असा शेवटचा उपाय केला. दुकानाच्या पानावर खुलासा टाकला: "उपरोक्त एक तारा हा तीट या सदराखाली नोंदवलेला असून त्याचा भाकरीच्या दर्जाशी अर्थाअर्थी संबंध नाही. सबब तो पाच समजण्यात यावा." तासाभरात एका अनोळखी माणसाने खाली विचारलं, "दुकान सरकारी आहे का?"

तेव्हा वंदनाने माझ्या हातातून फोन काढून घेतला. खुलासा पुसला. आणि तवा उतरल्यावर, दोन दुपारी बसून, तिने एकेका बाईला उत्तर लिहिलं. बोलते तसंच.

"काकू, सासूबाईंना भाकरी आमटीत चुरून द्या. दोन डझन उद्या पाठवते."

"पायरी उंच आहे हे खरं आहे. गवंड्याला सांगितलंय."

"अक्का, तुम्ही आलात की मी बोलते. दुसऱ्या कुणाशी बोलायला वेळ असतो का मला?"

खड्याच्या खाली तिने लिहिलं, "खडा लागला असेल तर माझी चूक. पाकीट घेऊन या, बदलून देते." त्या बाईंना बहुतेक रात्री झोप आली नसावी. सकाळी त्यांनी खाली लिहिलं होतं, "खडा न्हवता गं. काय तरी लिवायचं म्हणून लिवलं. तुझ्या चटणीत कुटला खडा."

माझ्या खुर्चीखाली तिने लिहिलं, "याला माझ्याकडे इलाज नाही."

जानेवारी संपायला दोन दिवस उरले असताना पुण्याहून फोन आला. आम्ही जेवत होतो. वंदनाने हात धुतले आणि फोन स्पीकरवर ठेवला. मी घास तसाच हातात धरून बसलो. संक्रांतीपासून मुक्काम ठोकलेली आत्यासुद्धा चावायची थांबली.

"मी तुमचे सगळे रिव्ह्यू वाचले," बाई म्हणाल्या. "सरासरी बघून आधी बंदच करणार होते. मग ती कवळी वाचली. एक तारा देऊन कुणी दोन डझन मागवतं का? म्हणून खाली वाचत गेले. तुमची उत्तरंही वाचली. काल आमच्या दुकानातल्या मुलींना मोठ्याने वाचून दाखवली."

"अहो, त्याचं असं झालं..." वंदनाने सुरुवात केली.

"मला सांगू नका. माझी आजी करमाळ्याची. मी वर्गात पहिली आले की शाबासकीच्या आधी गालाला काजळ फासायची. तीट ओळखू येते मला." बाई हसल्या. "आणि गिऱ्हाइकाशी तुम्ही कशा वागता तेही कळलं. फेब्रुवारीपासून दर आठवड्याला माल पाठवा. सुरुवातीला शंभर पाकिटं."

वंदनाने ओल्या हातांनीच डोळे पुसले. "लागली का दृष्ट?" एवढंच विचारून आत्याने पुन्हा भाकरीला हात घातला. आता आमच्या खानदानात आणखी चाळीस वर्षं तिच्यापुढे कुणाची मात्रा चालणार नाही.

"फक्त एक विचारायचं होतं," फोनमधून आवाज आला. "या सगळ्यांत एकच रिव्ह्यू मला खोटा वाटतो. 'सदर भाकरी' असं लिहिणारे ते सूर्यफूलवाले गृहस्थ कोण? त्यांनी तुमची भाकरी कधी तोंडात घातली असेल असं वाटत नाही."

वंदनाने माझ्या ताटाकडे पाहिलं. ताटात आमटीत कालवलेली मऊ भाकरी होती.

"बरोबर ओळखलंत," ती म्हणाली. "चार वर्षांत नाही."

शेजारच्या गाळ्याला आता फिकट हिरवा रंग लागलाय, पलंग मोकळा आहे आणि मी घरात बिनधास्त बसतो. सूर्यफूलवाला रिव्ह्यू मी त्याच दिवशी काढला आणि स्वतःच्या नावाने खराखुरा लिहिला: "कडक भाकरीच्या दुकानात मला मात्र मऊच भाकरी मिळते." एक तारा. दुपारी तवा उतरल्यावर, सगळ्या गिऱ्हाइकांना देते तसं, दुकानाने मलाही उत्तर दिलं: "आधी दाढा बसवून घ्या."