कडू लवकीचा रस

एटापल्लीच्या शाळेत बदली होऊन दुसरं वर्ष लागलं, तेव्हा भाड्याच्या घरामागच्या जागेत मी भाजी लावायला घेतली. आमच्या घरात कुणी कधी शेती केली नव्हती. बाबांनी वरोऱ्यात जन्मभर टपाल वाटलं. त्यामुळे माझे टमाटर करपले, भेंडीवर मावा पडला, मेथी शेळीने खाल्ली. दर रविवारी बाबांचा फोन यायचा आणि ते विचारायचे, "काही उगवलं का?"

दुधीला आमच्याकडे लवकी म्हणतात. तिचं बी मी बाजारातून आणून लावलं, तेही कुजलं. पण कुंपणापाशी, जिथे मी काहीच पेरलं नव्हतं, तिथे एक वेल आपोआप वर आला. पानं तशीच, फुलं तशीच पांढरी. मी त्याला मांडव घातला, शेणखत दिलं, आणि शाळेत, शेजारीपाजारी, फोनवर सगळ्यांना सांगत सुटले की मी लावलेली लवकी धरली.

बाबा ती बघायला आले. त्यांना शुगर होती आणि सकाळी उपाशीपोटी लवकीचा रस प्यावा, असं त्यांना फिरायला येणाऱ्या मंडळींनी सांगितलेलं. रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने पहिली लवकी तोडली. मी ती मिक्सरमधून काढली, मीठ-जिरं घातलं. मागच्या पायरीवर बसून त्यांनी एक घोट घेतला. मी समोर उभी होते.

"कसा आहे?"

"औषधासारखा. औषध का गोड राह्यते?" म्हणाले, आणि ग्लास रिकामा केला.

मी स्वतः थेंबभरही चाखला नव्हता.

अर्ध्या तासात ते वांग्याच्या वाफ्यापाशी पोट धरून खाली बसले. उलटी झाली. "पित्त असन," म्हणाले. मग दुसरी, तिसरी. चौथ्या उलटीत लाल धागे दिसले. त्यांचा हात धरला तर तो गार आणि ओला होता. मी कुंपणापलीकडच्या मावशींना हाक मारली. वयस्क माडिया बाई, एकट्याच राहायच्या.

"काय खाल्लं?" त्यांनी विचारलं. मी मिक्सरचं भांडं दाखवलं. त्यांनी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि लगेच थुंकल्या. पुन्हा थुंकल्या.

"हे खायाची नाई, मॅडम. हे तुंब्याची आहे. वाळवून आम्ही पाणी भरतो तिच्यात. लय कडू, जहर राह्यते." मग कुंपणाकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "मागच्या साली तुंबा कोरला, तवा बिया मीच इथी फेकल्या. पण तुम्ही बी आणून लावली म्हणत होत्या. मले वाटलं, दुसरी आहे. म्हणून बोलली नाई."

मी ऑटो बघायला धावले.

इथल्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी किती प्यायले ते विचारलं, बीपी पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "याला उतारा नाही. सलाईन लावून बीपी सांभाळायचं, बस. इथे थांबू नका, गडचिरोलीला न्या."

अँब्युलन्समध्ये मावशी न विचारता चढल्या आणि बाबांचे तळपाय चोळत बसल्या. आलापल्लीच्या पुढे रस्ता अडला. एक ट्रक बंद पडलेला, मागे ट्रकांची रांग, दोन्हीकडे जंगल. सोबतच्या माणसाने पुन्हा बीपी घेतलं. आकडा काय आला ते त्याने सांगितलं नाही, फक्त सलाईनची धार वाढवली. बाबांचे डोळे मिटलेले होते.

"बाबा, ऐकू येते का? बाबा!"

"येते. ओरडू नको."

मावशी खाली उतरल्या. मी काचेतून बघत होते. एकेका ट्रकच्या दारावर थाप मारत त्या चालत गेल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण एकेक ट्रक कडेला सरकू लागला. आमची गाडी एक चाक खाली उतरवून, कलंडत पुढे निघाली. चामोर्शी येईपर्यंत मी बाबांच्या छातीवरून नजर हलवली नाही. ती वरखाली होत होती, एवढंच मला बघायचं होतं.

गडचिरोलीत नळी घालून तपासलं. पोटाचं अस्तर आतून जागोजागी सोललं होतं. दोन दिवस कुणीच खात्रीने काही बोललं नाही. मावशी वऱ्हांड्यात पदर पांघरून झोपायच्या. तिसऱ्या दिवशी बाबांनी चहा मागितला. मिळाला नाही, पण त्यांनी मागितला, हेच मला पुरलं.

त्या दुपारी मी विचारलं, "पहिल्या घोटातच समजलं होतं ना?"

"हो."

"मग काऊन पेले?"

"तू समोर उभी होती. बदली झाल्यापासून तुले एवढी खुश पाह्यलीच नव्हती."

तेव्हा मला सांगावंच लागलं. "बाबा, तो वेल मी लावलाच नव्हता. आपोआप आला होता."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे दोघंबी खोटं बोललो," ते म्हणाले आणि पोटाला ताण बसेल म्हणून हसू आवरलं.

आता लवकी असो, काकडी असो की दोडका, चिरण्याआधी मी एक फोड जिभेला लावते. बाजारातलीसुद्धा.

हिवाळ्यात बाबा पुन्हा आले. वाफ्यात वांगी लागली होती, त्यांची भाजी केली. मावशीही जेवायला होत्या. बाबांनी एक घास घेतला आणि ताट थोडं पुढे सरकवलं.

"अळणी आहे," ते म्हणाले.

मी उठून मीठ आणलं.