रायफलीचे दोन पाय

माझी भावजय अल्मा भित्री आहे, हे मी गावभर सांगत फिरायचे. खोटं नव्हतं ते. ढग गडगडले की ही तळघरात. दातांच्या डॉक्टरकडे जायचं तर आदल्या दिवसापासून हिचं जेवण बंद. पण आमच्या नेब्रास्कातल्या या वाळूच्या टेकड्यांत तिच्यासारखी नेमबाजी कुणाची नाही, हेही तितकंच खरं. अग्निशमन दलाच्या नेमबाजीच्या स्पर्धेत बक्षिसाची टर्की कोंबडी तिनं सलग सहा वर्षं नेली. सातव्या वर्षी पुरुषमंडळींनी मोठ्या आदरानं तिला परीक्षक केलं, म्हणजे एकदाची पीडा टळली.

रायफलीच्या बाबतीत तिच्या खोडी फार. लेनर्डच्या, म्हणजे माझ्या भावाच्या, जुन्या जीनची एक तंगडी कापून तिनं त्यात गहू भरला होता आणि दोन्ही तोंडं शिवली होती. रायफल त्या बोचक्यावर टेकवायची, त्यावरच निशाणा तपासायचा आणि कोल्हा मारायचा तोही त्यावरूनच. दुसरी खोड नोटेची. नळी आणि तिच्याखालून पुढे गेलेला दस्ता यांच्या फटीतून ती एक डॉलरची नोट सरकवून बघायची. नोट अडकली तर नळी दस्त्याला टेकते, आणि टेकली की गोळी मनाला येईल तिकडे जाते, असं तिचं म्हणणं. मी म्हणायचे, तुला घरात कामं कमी आहेत.

त्या एप्रिलमध्ये तिचा जावई ड्वेन बायपॉड घेऊन आला. बायपॉड म्हणजे दस्त्याच्या पुढच्या टोकाला खालून लावायचे दोन घडीचे पाय, लांबी कमी-जास्त होणारे. ड्वेनला प्रत्येक गोष्टीतलं सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. त्यानं स्वतःच पाय बसवले, पकडीनं स्क्रू करकचून आवळला आणि गव्हाचं बोचकं कोंबड्यांना फोडून घातलं. "सासूबाई, आता तरी सुधारा," असंही वर म्हणाला. जावयाचं मन कोण मोडणार? नव्या पायांवर निशाणा तपासायचा होता, पण गाई वितात त्या दिवसांत आमच्याकडे जेवायला फुरसत नसते. राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पिकअपमधून गाईंना पेंड घालायला निघालो. टेकडीवर चढलो तर खाली ओल्या कुरणापलीकडे लेनर्डची चारचाकी मोटरसायकल उलटलेली दिसली. मी दुर्बीण लावली. गाडीखाली लेनर्ड होता. एक पाय अडकलेला, टोपी डोक्यावरच, आणि तो कोपरांवर रेटून बाहेर निघायला बघत होता. आमचा लाल वळू मान खाली घालून गाडीला ढुशी देत होता. प्रत्येक ढुशीला गाडी हलायची आणि लेनर्डचं तोंड उघडायचं. वारा उलटा होता, त्याचा आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता.

मधलं कुरण म्हणजे निव्वळ चिखल, पिकअप गेली असती तर तिथंच रुतली असती. पुलावरून वळसा घालून जायला वीस मिनिटं. वळू वीस मिनिटं थांबणार नव्हता. मी हॉर्न वाजवला, तर त्यानं मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा दुप्पट जोरानं ढुशी दिली. मग हॉर्नला हात लावायची माझी छाती झाली नाही.

अल्मानं पिकअपमधून रायफल काढली, बायपॉडचे दोन पाय उघडले आणि टेकडीच्या कडेला पालथी झाली. अडीचशे यार्ड. याहून लांबचे कोल्हे तिनं पाडलेले मी पाहिलेत. मला वाटलं, आता संपलं, आता वळू पडेल. तिनं खांदा पुढे रेटून पायांवर जोर दिला, गाल दस्त्याला लावला. आणि थांबली.

रायफल तशीच खांद्यानं रेटून धरून तिनं डाव्या हातानं खिशातून नोट काढली.

मला आधी कळेचना. माझा भाऊ तिकडे मरतोय आणि ही नळीखाली नोट सरकवतेय. नोट दोन बोटं गेली आणि अडकली. तिनं रेटा सोडला, नोट सुटली. पुन्हा रेटलं, पुन्हा अडकली. दस्ता प्लॅस्टिकचा, पुढून लवचीक. पायांवर जोर आला की तो वर वाकून नळीला चिकटत होता. हे मला आता समजतं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की ही घाबरली आणि वेळ काढतेय. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"मार ना गं," मी म्हणाले.

ती उठून बसली आणि पायांचा स्क्रू फिरवायला लागली. जावयानं आवळलेला तो स्क्रू, हलेल तर शपथ. तिनं दातांनी धरून बघितलं. मी दुर्बिणीतून बघितलं तर गाडी हातभर सरकली होती आणि लेनर्डनं दोन्ही हात डोक्यावर घेतले होते.

"अल्मा, भेकड आहेस तू. नवरा मरतोय तुझा आणि तू स्क्रूशी खेळतेयस. दे इकडे, मी मारते."

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पेंडीचं पोतं आण," म्हणाली. "अर्धं ओतून टाक."

मी शिव्या देत पोतं आणलं, ओतलं. तोवर स्क्रू सुटला होता, तिच्या अंगठ्याचं नख उलटलं होतं आणि रायफलीवर रक्त होतं. तिनं पाय गवतात फेकले, पोत्याला मधे मुठीनं खळगा केला, त्यात रायफल ठेवली. नोट सरकवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

तरी ती लगेच मारेना. वळूचं तोंड आमच्याकडे होतं आणि लेनर्डचं डोकं त्याच्या खांद्याला जवळजवळ लागून, डाव्या बाजूला. मी मनात देवाची नावं घेत होते, एकही धड आठवत नव्हतं. मग वळू आडवा फिरला. तिनं अर्धा श्वास सोडला. आवाज झाला. वळू दोन पावलं मागे सरला, गुडघे टेकले आणि पलीकडच्या अंगाला कोसळला.

लेनर्डची मांडी दोन ठिकाणी मोडली होती, बरगड्या चार. वाचला. दवाखान्यात मी सगळ्यांना सांगितलं, की अल्मानं मारला खरा, पण किती वेळ लावला. अल्मा बाजूला बसून अंगठ्याची पट्टी चाचपत होती.

दोन आठवड्यांनी ड्वेन रुसला. त्याचे महागाचे पाय गवतात सापडले होते ना. पायांत काही खोट नाही, सासूबाई उगीच बिथरल्या, असं तो म्हणत होता, आणि खरं सांगायचं तर मीही मान डोलावत होते. अल्मा म्हणाली, चल, बघू. अडीचशे यार्डांवर पुठ्ठा लावला. त्यावर मधोमध तिनं काळा ठिपका काढला. ड्वेननं पाय पुन्हा बसवले आणि ती त्या दिवशीसारखीच पालथी झाली, तसाच रेटा दिला. तीन गोळ्या झाडल्या.

आम्ही चालत पुठ्ठ्यापाशी गेलो. तिन्ही भोकं एका कपाच्या तोंडात मावतील इतकी जवळजवळ. ठिपक्यापासून डावीकडे, वीतभर.

ड्वेननं "हं, मोजपट्टी आणतो," म्हटलं आणि गेला. मला पट्टीची गरज नव्हती. डावीकडे वीतभर काय होतं, ते दुर्बिणीतून मी बघितलं होतं. लेनर्डची टोपी होती. मी तिथंच वाळूत बसले.

अल्मा माझ्या शेजारी बसली. "मला तरी कुठे माहीत होतं," ती म्हणाली. "डावीकडे जाईल की उजवीकडे, वर की खाली, काहीच माहीत नव्हतं गं. म्हणून तर भ्याले."

लेनर्ड मागे पिकअपमध्ये प्लॅस्टरमधला पाय लांब करून बसला होता. त्यानं काच खाली केली आणि तिथूनच ओरडून विचारलं, काय गं, कुठे लागल्या? अल्मानं पुठ्ठा उतरवला आणि पालथा करून काखेत धरला.