टायरचा पावणा

मालनवन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथं मस्कतला, ज्या आजींना सांभाळते त्यांच्या अंगाखालची चादर बदलत होते. फोन आमच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा. ते नुसतं "सुमन..." म्हणाले आणि थांबले. त्यांना असं मधेच थांबायची सवय नाही, त्यामुळं पुढचं त्यांनी सांगायच्या आधीच कळलं. मी आजींना कुशीवरनं सरळ केलं, चादरीची टोकं गादीखाली खोचली आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं. जायला जमणार नव्हतं. तिकडं कोल्हापुरात त्यांना माझ्यावाचून नेलं. त्याला आता काही आठवडे झाले. मी आठवीत शाळा सोडलेली बाई, पेपरच्या पुरवणीत लिहायचं म्हणून प्रत्येक ओळ दोनदा खोडतेय. काही चुकलं तर लोक काय म्हणतील, हे आत्ताही मनात आहेच. पण वन्संनी मला माणूस उचलायला शिकवलं, आणि ते कसं, हे माझ्याशिवाय कुणाला धड सांगता येणार नाही.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. नवरा वारल्यावर त्या माहेरी आल्या आणि भावाच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, पंक्चरच्या दुकानात उभ्या राहिल्या. दुकान राजारामपुरीच्या कडेला. मालक पंक्चर काढायचे आणि वन्सं लोखंडी टामी घालून ट्रकचा टायर रिंगवरनं उतरवायच्या. गिऱ्हाईक फार जवळ आलं की ओरडायच्या, "पावणं, मागं सरा, पायावर पडला तर मला बोलू नगा!" आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखं त्या स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असंच बोलायच्या. मी गडहिंग्लजकडची, आवाज चढला की गप्प होणारी. लग्न होऊन आले तेव्हा त्या नुसतं "चहा टाक गं" म्हणाल्या तरी मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलं.

ट्यूबलेस टायर आले तसं दुकानातलं काम कमी झालं. पोरांची शिक्षणं चालली होती. मी एका घरी अंथरुणावर पडून असलेल्या आजोबांना सांभाळायचं काम धरलं आणि थोड्याच दिवसांत त्यांना उठवताना माझ्या कमरेत उसण भरली. आजोबा अर्धे पलंगावर, अर्धे माझ्या अंगावर... त्यांचा मुलगा धावत आला म्हणून बरं. काम गेलं. त्याच सुमारास परदेशी आजारी माणसं सांभाळायला बायका पाठवणाऱ्या एका ऑफिसची माहिती कळली. शिक्षणाची अट नव्हती. पण परीक्षा होती, निजलेल्या माणसाला पलंगावरनं उठवून खुर्चीत बसवून दाखवायचं. माझ्याजवळ दाखवायला कागद नव्हता, अंग होतं, आणि तेच कमरेत मोडलेलं. "मला न्हाई जमायचं वन्सं," मी म्हटलं. ऑफिसातल्यांनी जिमला जाऊन ताकद वाढवा असं सांगितलं होतं, तेही मी वन्संना भीत भीत सांगितलं. वन्संनी दुकानामागच्या परड्याकडं बोट केलं. तिथं जुन्या टायरांचा डोंगर होता. "ह्यो काय मग? एवढी जिम दारात पडलीया आन तू फी भरायला निगालीस व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून परड्यात कारखानाच सुरू झाला. स्कूटरच्या टायरांत सिमेंट ओतून, मधनं नळाचा पाईप घालून उचलायची वजनं झाली. ट्यूब कापून त्याच्या पट्ट्या खिडकीच्या गजाला बांधल्या, त्या ओढून दंड आणि पाठ तयार करायची. जीपच्या टायरला दोर लावला आणि त्याचं दुसरं टोक माझ्या कमरेला. मी पदर खोचून परड्यात टायर ओढत फिरतेय आणि वन्सं कडेला उभ्या राहून, "बैल बरा की गं तुझ्यापरास!" उचलताना वाकले की पाठीत चापट बसायची. "कमरंनं उचललीस तर कंबार जाती. गुडघ्यात बस. वजान छातीला लाव, ल्योक असल्यागत." हे त्या ट्रकच्या टायरांशी झटून झटून शिकल्या होत्या. हळूहळू माझी उसण गेली. पण टायर उचलणं वेगळं आणि माणूस वेगळा, माणूस लोंबतो, असं मी म्हटलं. त्यावर वन्संनी माणूसच केला.

मोटारीच्या दोन टायरांची छाती आणि पोट, ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेलं. ट्यूबांत वाळू भरून, टोकं बांधून हातपाय. डोकं चिंध्यांचं, त्यावर सासऱ्यांची टोपी आणि अंगात त्यांचाच सदरा. पहिल्यांदा पोटात शेतातली माती भरली होती. वळवाच्या पावसात ती भिजून फुगली आणि आठवड्याभरात सदऱ्याच्या बटणातनं गवत बाहेर आलं. मग माती काढून पोटातही वाळू घातली. वजन माणसाएवढं भरतंय का, हे बघायला वन्संनी त्याला रिक्षात बसवून मार्केट यार्डात गुळाच्या काट्यावर नेलं. हमालानं विचारलं, "मावशी, ह्यो कोण?" "पावणा हाय आमचा. अजून जेवाय घातला न्हाय, वजान नीट बगा." काटा साठ किलोवर थांबलेला बघून हमाल म्हणाला, "गुळाच्या दोन रव्यांएवढा हाय की पावणा!" तेच नाव पडलं. रोज सकाळी मी पावण्याला खाटेवरनं उठवायची, खुर्चीत बसवायची, परत निजवायची. शेवटी शेवटी तो मला फुलासारखा वाटायला लागला.

परीक्षेला गेले तर पेशंट म्हणून तिथल्या मॅडम स्वतः पलंगावर निजल्या होत्या. मी गेले, गुडघ्यात बसले, त्यांना छातीशी लावलं आणि एका दमात उचलून खुर्चीत ठेवलं. मला वाटलं, आता टाळ्या पडणार. मॅडम किंचाळल्याच. माझ्या बांगडीत अडकलेले केस सोडवत म्हणाल्या, "मी काय पोतं आहे का? हात लावायच्या आधी मला विचारलंत? मी तयार आहे का, ते बघितलंत?" नापास. परत एक संधी देऊ म्हणाल्या, शेवटची.

घरी येऊन रडत सगळं सांगितलं. वन्सं आधी पोट धरून हसल्या. मग उठून परड्यात गेल्या. पावण्याकडं बघत म्हणाल्या, "चूक तुजी न्हाय. त्येची हाय. मुका हाय त्यो." दुसऱ्या दिवशी त्या खाटेमागं पाट घेऊन बसल्या आणि मी हात पुढं करताच पावणा खेकसला, "कोण गं तू? नाव न सांगता आंगाला हात लावतीस व्हय?" मी दचकून मागं. "म्या सुमन. तुमास्नी खुर्चीत बसवाय आलोय." "मला न्हाय बसायचं." "जरा ऊन खाऊया की." "गुडघा दुकतोय माजा, तुजं काय जातंय?" कधी तो रडायचा, कधी शिव्या द्यायचा, कधी नुसताच गप्प, आणि मग त्याच्या गप्प राहण्यातनं काय ते मी ओळखायचं. उठवू का विचारायचं आणि उत्तर येईस्तोवर हात तसेच पुढं धरून थांबायचं. ते थांबणं उचलण्यापेक्षा अवघड होतं. शेजारच्या काकू भिंतीवरनं डोकावल्या, "मालन, टायरसंगट बोलतीस? याड लागलं काय?" वन्सं म्हणाल्या, "तुजा नवरा बोलतो काय तुज्यासंगट? ह्यो निदान उत्तर तरी देतो!"

मी पास झाले. विमानात बसले आणि इथं आले. इथल्या आजींची भाषा मला येत नाही, त्यांना माझी येत नाही. मी मराठीतच विचारते, "आजी, उठवू का?" आणि थांबते. त्या हात माझ्या खांद्यावर ठेवतात, मग मी उचलते.

गेल्या वर्षी वन्संना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तो आवाज... मला ऐकूनही पटेना. परक्या माणसाला मी दिवसातनं किती वेळा उचलत होते आणि माझ्या वन्संना उचलायला मी तिथं नव्हते. व्हिडिओ कॉलवर बघितलं तर मालक त्यांना काखेत धरून ओढत होते आणि त्या डाव्या हातानं त्यांना मारत होत्या. "दिवसभर अशीच करती," ते रडकुंडीला आले होते. मी म्हटलं, थांबा, आधी पावण्यावर शिका. त्यांना परड्यात उभं केलं, फोन भिंतीला टेकवला आणि गुडघ्यात बसण्यापासनं सगळं करून घेतलं. मग वन्संच्या खोलीत नेलं. फोन त्यांच्या कानाशी धरायला सांगितला. मालक हात पुढं धरून थांबले. मी इथनं विचारलं, "वन्सं, उठवू का?"  मालक म्हणाले, "काय बोलायची न्हाय ती." मी म्हटलं, "थांबा हो वाईच." मग वन्संनी डावा हात उचलला आणि भावाच्या मानेभोवती टाकला. ते त्यांना घेऊन उठले. त्यानंतर शेवटपर्यंत सकाळचं विचारायचं काम माझं आणि उचलायचं त्यांचं.

पावणा अजून परड्यात आहे. टायरात पाणी साठतं, डास होतात, टाकून देऊ का, असं मालकांनी परवा विचारलं. मी म्हटलं, खालनं भोकं पाडा, पण टाकू नका. त्याच ऑफिसातनं वारणानगरची एक मुलगी पत्ता काढत आलीय. तिची परीक्षा जवळ आलीय आणि ती घाबरलीय. काल मालकांनी तिला खाटेजवळ उभं केलं आणि फोन, कॅमेरा तिच्याकडं करून, पावण्याच्या टोपीखाली ठेवला. तिनं न विचारता हात घातल्याचं मला दिसलं. माझा आवाज कधी मोठा निघत नाही. पण काल निघाला, पलीकडच्या खोलीतल्या आजीसुद्धा जाग्या झाल्या.

"ए पोरी! कोण गं तू?"

ती दचकून मागं सरकली. मी तिच्या उत्तरासाठी थांबले.