माडांच्या वाडीत ड्रोन कसा उडवायचा?

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

आज आमच्या गिरीज गावात शाळेच्या मैदानावर ड्रोन कंपन्यांच्या संघटनेने फवारणीचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. देशात हा नवा उद्योग वाढावा म्हणून ही संघटना गावोगावच्या बायकांना ड्रोन चालवायला शिकवते. माझी भाची स्वाती त्यांच्याकडेच शिकली. तिने मोकळ्या मैदानावर ड्रोन इतका सफाईने फिरवला की मीही टाळ्या वाजवल्या.

मग कुंपणापलीकडच्या आमच्या वाडीकडे लक्ष गेलं. खाली केळी, वर माड, मधून विजेच्या तारा. मी संघटनेच्या साहेबांना विचारलं, "इथे कसा उडवायचा, ते शिकवलंत का?"

"मॅडम, आम्ही धोरणाच्या पातळीवर काम करतो. सरकारशी बोलून नियम सोपे करून घेतो."

"घ्या की! पण माझ्या केळींवर फवारणी काय सरकार करणार आहे?"

साहेब हसले आणि फोटो काढायला गेले. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत असं विचारलेलं सोडून भलतंच उत्तर देणारीला सिस्टर बाकावर उभं करायच्या.

स्वाती मात्र हसली नाही. इथल्या वाड्यांमध्ये फवारणीचं काम मिळेल या भरवशावर ती सोमवारी दवाखान्यातली नोकरी सोडणार आहे. घरी येताना म्हणाली, "मावशी, वाडीत त्यांनी मला एकदाही उडवू दिला नाही गं. राजीनामा देऊ ना?"

एरवी माझ्याकडे प्रत्येकासाठी उत्तर तयार असतं. तिला म्हटलं, "आधी जेवून घे."

तुमच्यापैकी कुणी माडांखालच्या केळींवर ड्रोनने फवारणी केली आहे का? खरं काय ते सोमवारच्या आत सांगा.