किती तोंडं?

आमच्या आळीत फळे घेऊन येणारे बागवान तागडीला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारत. "किती तोंडं?" उत्तर मिळेपर्यंत पाटीवरचे ओले फडके निघत नसे. घरात खाणारी माणसे किती, हे कळले की मनाशी आकडा ठरवून मगच ते फळे काढत. तुम्ही त्या आकड्यापेक्षा जास्त मागितलीत तर सरळ सांगत, "एवढी नाय देणार. उद्या येतोच आहे मी. झाड कुठं पळून चाललंय?" गिऱ्हाइकाने जास्त घ्यावे म्हणून धडपडणारे विक्रेते मी पुष्कळ पाहिले. कमी घ्या म्हणून भांडणारा हा एकच.

ही एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या आसपासची गोष्ट. आम्ही रविवार कारंजाजवळ राहत होतो. घरात तोंडे पाच : सासरे, आम्ही दोघे नवराबायको आणि दोन मुली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे लग्न होऊन आल्याबरोबर घराच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. मला तेव्हापासून याद्या करायची सवय आहे. वाण्याची यादी, परटाची यादी, पावसाळ्यापूर्वी करायच्या कामांची यादी. ज्या गोष्टी लिहिल्या त्या होतात, न लिहिलेल्या राहतात, असा माझा अनुभव. या सवयीने एकदा कसा दगा दिला, तेही पुढे सांगते.

बागवान साठीचे असतील. उंच, किडकिडीत, दाढी पांढरी आणि मिशी साफ. मखमलाबादकडच्या मळ्यांतून पहाटे माल उचलायचा आणि आठ-साडेआठला आमच्या आळीत यायचे. पेरू, सीताफळे, केळी, माघात द्राक्षे. ते बाहेरच्या पायरीवर बसत आणि पाणी स्वतःच्या लोट्यातून पीत. आमच्या फुलपात्रातून त्यांना पाणी दिल्याचे मला आठवत नाही. फळाला विटाळ नाही, पण फळ आणणाऱ्याला होता. तेव्हा ते कुणाला खटकत नव्हते. आता लिहिताना खटकते, म्हणून लिहून ठेवते.

शेजारच्या काकूंना त्यांचा प्रश्न आवडत नसे. एकदा त्यांनी चिडून सांगितले, "दहा तोंडं आहेत. द्या."

काकूंच्या घरी माणसे चार, हे बागवानांना पक्के ठाऊक होते. त्यांनी गंभीरपणे विचारले, "रावण उतरलाय का काकू तुमच्याकडे? उतरेल बापडा, पंचवटी जवळच आहे."

काकूंना हसू आवरले नाही. त्यांना चार जणांचेच पेरू मिळाले.

एकादशीच्या दिवशी इतर फळवाले दुप्पट माल आणत. बागवान नेहमीइतकाच आणत. "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण त्यांना आमच्याइतकीच पाठ होती, आणि ती ते आम्हालाच ऐकवत. उपासाला डझनभर केळी रिचवून दुसऱ्या दिवशी पोट धरून बसलेली माणसे त्यांनी दारोदार पाहिली होती. "पहिलं फळ पोटाला, दुसरं जिभेला, तिसरं वैद्याला," असे ते म्हणत. मी ते माझ्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले होते. पण वहीत लिहिणे वेगळे आणि घरात लक्ष असणे वेगळे.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, पोस्टमास्तर म्हणून इगतपुरीहून निवृत्त झाले होते. माणूस नियमाचा. नियमात आहे ते करायचे, नियमात मनाई नाही त्याला हरकत घ्यायची नाही. त्यांना सारखी तहान लागू लागली, वजन उतरले, आणि चपलेने घासून उजव्या अंगठ्याला झालेली जखम महिनाभर भरेना. डॉक्टरांनी लघवी तपासली. नळीत निळे औषध घालून ती दिव्यावर तापवली, तर निळ्याचा रंग विटकरी झाला. मधुमेह. डॉक्टरांनी वर्ज्य पदार्थ सांगितले आणि मी ते तिथेच बसून लिहून घेतले. साखर, गूळ, भात, बटाटा, रताळे, साबुदाणा, पेढे, श्रीखंड, असे एकूण चौदा. घरी येऊन ती यादी मी फडताळाच्या दाराला आतून चिकटवली.

मामंजींनी ती यादी अक्षरशः पाळली. मुलीच्या वाढदिवसाला केलेल्या शिऱ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. चहा बिनसाखरेचा. मला त्यांचे फार कौतुक वाटे.

तरीही दर आठवड्याला नळीतला रंग विटकरीच येई. जखमेची कड काळपट दिसू लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की असेच चालले तर अंगठ्यावर भागणार नाही, मुंबईला नेऊन पाऊल काढावे लागेल. मग त्यांनी विचारले, "चोरून काही गोड खातात का?"

मी घरी येऊन साखरेच्या डब्याला कुलूप लावले. मामंजींनी ते पाहिले. त्या दिवशी ते जेवायला बसले नाहीत. मला वाटले, पकडले गेले म्हणून. खरे म्हणजे ते दुखावले होते. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या मनीऑर्डरी सांभाळलेला माणूस, आणि सून त्यांच्यापासून साखर कुलपात ठेवत होती.

या सगळ्याचा उलगडा पायरीवर झाला. फळांची साले, भाजीची देठे आम्ही गायीसाठी एका बादलीत टाकत असू आणि ती बादली पायरीशेजारी असे. एका सकाळी बागवान मला पेरू देता देता थांबले. बादलीत वाकून पाहिले. मग एक साल उचलून हातात फिरवली.

"बाई, हे केळं माझं नाय."

"बाजारातून आलं असेल," मी म्हटले.

"एक नाय. ही बघा, सात. ही सीताफळाची टरफलं, हीपण माझी नायत." त्यांनी साल परत टाकली. "तोंडं पाच सांगता आणि बादली पंधरा तोंडांची. पाहुणे आहेत?"

"नाहीत."

"मग आजारी कोण आहे घरात?"

मी मामंजींचा आजार सांगितला, जखम सांगितली, पाऊल काढण्याचेही सांगितले. बागवानांनी तागडीत घातलेले पेरू एकेक करून परत पाटीत ठेवले आणि म्हणाले, "मास्तरसाहेबांना बोलवा."

मामंजी काठी टेकत बाहेर आले. रोज सकाळी फिरायला जाताना ते कारंजावर पेरू घेत, येताना भद्रकालीच्या बाजारातून केळी आणि सीताफळे, वर बागवानांकडून घरात येत ते वेगळेच, हे बागवानांनी विचारल्याबरोबर त्यांनी सांगितले. लपवण्यासारखे त्यात त्यांना काहीच वाटत नव्हते. भात गेला, बटाटा गेला, गोड गेले, पोट भरायला काहीतरी हवे, म्हणून फळे.

"यादीत फळ आहे का?" त्यांनी विचारले. "सूनबाई, यादी आणा. चौदा कलमं आहेत. फळ दाखवा."

यादीत फळ नव्हते. ते मला पाठ होते.

"फळ देवानं केलंय, हलवायानं नाही," मामंजी म्हणाले. "त्यात कसली साखर?"

"द्राक्ष गोड कशानं लागतं मग, मास्तरसाहेब?" बागवान म्हणाले.

"ती वेगळी गोडी."

"जिभेला वेगळी असेल. तुमच्या पायाला विचारा." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही माझं चांगलं गिऱ्हाईक आहात. पण आजपासून मी तुम्हाला काही देणार नाय. सूनबाई डॉक्टरला विचारून येतील, मग बघू."

"तुम्ही कोण मला नाही म्हणणारे? भद्रकालीत दुसरी दुकानं नाहीत?"

"आहेत ना. पुष्कळ आहेत." बागवानांनी पाटी उचलली नाही. पायरीवर बसूनच त्यांनी पुढचे सांगितले. ते मी तेव्हा प्रथम ऐकले आणि पुन्हा कधी त्यांच्या तोंडून ऐकले नाही. तरुणपणी ते एका घरी रोज आंबे घालत. घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना हाच आजार होता आणि आंबे तेच खात. जितके मागत तितके बागवान देत, आणि मोठे गिऱ्हाईक मिळाले म्हणून खूश असत. पावसाळ्यात ते गृहस्थ गेले. "आंब्यानं गेले का कशानं, मला ठाऊक नाय. मला कुणी एक शब्द बोललं नाय. पण पाटी भरून देणारा मीच होतो. तेव्हापासून विचारतो."

मामंजी काठी टेकत आत गेले.

मी त्याच दिवशी दवाखान्यात गेले. डॉक्टरांना दिवसाची फळे सांगितली : केळी सात-आठ, पेरू पाच, दोन सीताफळे, द्राक्षांचे दिवस असतील तर शेरभर. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "फळ एखाद-दुसरं खात असतील असं धरून मी बोललोच नाही. एवढी फळं धडधाकट माणसानंही रोज खाऊ नयेत." चूक त्यांची होती तितकीच माझी होती. मी काय खायचे नाही ते लिहिले, काय खाताहेत ते एकदाही विचारले नाही. कुलूप मात्र लावले.

नवी यादी झाली. केळी, द्राक्षे, सीताफळे, आंबे बंद. दिवसाला एक मध्यम पेरू, घट्ट, फार पिकलेला नको. घरी आल्यावर मी आधी साखरेच्या डब्याचे कुलूप काढले आणि मामंजींच्या पाया पडले. त्यांनी नवी यादी दोनदा वाचली. "आता लेखी आहे," एवढेच म्हणाले. भद्रकालीतली खरेदी त्या दिवसापासून बंद झाली.

दुसऱ्या दिवसापासून बागवान पाटीच्या कोपऱ्यात केळीच्या पानात गुंडाळलेला एक पेरू वेगळा आणू लागले. तो ते मळ्यातच निवडत. मामंजी पायरीवर येत, पान उघडत आणि तक्रार करत.

"कालच्यापेक्षा लहान आहे."

"कालचा मोठा होता. आज वळता केला."

"हिरवा आहे."

"तुम्ही पिकलात तेवढं पुरे."

पेरू नसत त्या दिवसांत मूठभर जांभळे येत, कधी काहीच येत नसे. तरी बागवान पायरीवर थांबून "आज उपास" एवढे सांगून जात. पेरूचे चार भाग करून मामंजी ते दिवसभर पुरवत. त्यांच्या पोटाची सोय मी बाजरीची भाकरी, पालेभाज्या आणि ताक वाढवून केली. डॉक्टरांची इन्शुलिनची सुई आणि जखमेची पट्टी चालूच होती. नळीतला रंग विटकरीवरून पिवळ्यावर आला, पुढे हिरव्यावर. अंगठ्याचे नख गेले, पण अंगठा राहिला, पाऊल राहिले. होळीच्या सुमारास मामंजी काठीशिवाय कारंजापर्यंत जाऊन आले. मी बागवानांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "औषध डॉक्टरचं. मी फक्त कमी दिलं."

असे तीन वर्षे चालले. मग त्यांना पाटी डोक्यावर झेपेना. मालेगावला त्यांची मुलगी होती, तिच्याकडे ते कायमचे राहायला निघाले. शेवटच्या दिवशी पाटीत द्राक्षे होती आणि कोपऱ्यात नेहमीची पानाची पुडी.

मामंजींनी पुडी घेतली, पण नजर द्राक्षांवर. "आज तरी एक घोस द्या. निरोपाचा म्हणून."

बागवानांनी माझ्याकडे पाहिले. मी नकारार्थी मान हलवली. ते मामंजींना म्हणाले, "निरोप घ्यायला आपण दोघं आपापल्या पायांवर उभे आहोत, मास्तरसाहेब. यापेक्षा जास्त काय देऊ?"

मामंजी पुढे झाले. पाटी डोक्यावर चढवायला त्यांनी हात लावला. त्याआधी त्यांनी कधी तसे केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पेरू आणायला मी स्वतः भद्रकालीत गेले. मामंजी सकाळपासून पायरीवर जाऊन बसले होते, ते मला पाहवले नव्हते. म्हणून, एरवी याद्या करणारी मी, पण त्या दिवशी यादी मोडून दोन पेरू आणले. चांगले पिकलेले. दोन्ही त्यांच्या हातात ठेवले.

त्यांनी ते दोन्ही पाहिले. मग मान वर करून मला विचारले, "सूनबाई, किती तोंडं?"

"एक," मी म्हटले.

त्यांनी त्यातला लहान ठेवून घेतला आणि दुसरा माझ्या हातात परत दिला. तो मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच खाल्ला. गोड होता. बागवानांनी तो आमच्या पायरीवर आणलाच नसता.